इडलीच्या कपाटात पाल

आमच्या घरी पाल पाळलेली आहे असं पुण्यात कुणालाही सांगितलं की समोरचा आधी हसायचा आणि मग विचारायचा, "म्हणजे मुद्दाम?" हो, मुद्दाम. दुकानातून आणलेली, काचेच्या पेटीत ठेवलेली, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली पाल. तिला पापण्या होत्या, त्यामुळे ती डोळे मिटून झोपायची, आणि भिंतीवर चढणं तिला मुळीच जमत नव्हतं. नवऱ्याला तिला पाल म्हटलेलं खपायचं नाही. "गेको," तो दर वेळी सुधारायचा. मी म्हणायची, पुण्यात आपण हिला झाडूने हाकललं असतं, न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमध्ये आहे म्हणून गेको. लेकीने तिला एक नावही ठेवलं होतं. पण लेक आता मोठी झाली आहे आणि ते नाव चारचौघांत घेतलेलं तिला आवडत नाही, म्हणून इथेही घेत नाही.

खरं तर ही पाल माझ्यामुळेच घरात आली. लेकीला कुत्रा हवा होता, मग मांजर, मग निदान ससा. घरभर केस गाळणारा प्राणी मला नको, असं मी दर वेळी ठणकावलं. लेकीने माझी अट शब्दशः पाळली आणि एकही केस नसलेला प्राणी शोधून काढला. आता नाही कशी म्हणणार?

आम्ही तेव्हा हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात राहायचो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी अर्धा दिवस एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर, लेक दहा वर्षांची. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. आमच्या फ्रिजमध्ये कधी साधं अंडंही आलं नव्हतं. त्या फ्रिजमध्ये आता कोथिंबिरीच्या डब्याशेजारी कोंड्यात वळवळणाऱ्या अळ्यांचा डबा येऊन बसला. गारठ्यात त्या झोपून राहतात म्हणून तो तिथेच ठेवावा लागतो, असं दुकानदाराने सांगितलं होतं. डब्यावर मी मोठ्या अक्षरांत "उघडू नये" असं लिहून ठेवलं, मुख्यतः स्वतःसाठीच.

दोन हजार सोळा सालच्या गणपतीत पाल आजारी पडली.

गणपती आमच्याकडे पाच दिवसांचा. इथे तो येतो तेव्हा थंडी सरत आलेली असते, पण सरलेली नसते. सकाळी दाट धुकं, घरं थंडगार, आणि हीट पंप फक्त हॉलमध्ये. मखर करायचं काम बापलेकीचं. महिनाभर आधीपासून दोघं गॅरेजमध्ये पुठ्ठे कापत बसायची. तिथे मला प्रवेश नसायचा आणि ते मला फार आवडायचं. घरात इतर वेळी "हं" आणि "नो" यापलीकडे फारसं न बोलणारी ती दोघं गॅरेजमध्ये तासन्‌तास बडबडत असायची. त्या वर्षी त्यांनी देऊळ केलं होतं, खांबांचं, आणि खांबाखांबावरून दिव्यांची माळ सोडायची ठरलं होतं.

अडचण एवढीच होती की मखराची जागा आणि पालीची जागा एकच. पेटी जड, हॉलमधल्या त्याच भिंतीला टेकलेली. माझ्या डोळ्यांसमोर आरतीला येणाऱ्या बायका आल्या, बाप्पाच्या उजव्या हाताला पाल बघून किंचाळणाऱ्या. मी म्हटलं, "झाकून टाका ती." माझी एक जुनी हिरवी रेशमी साडी काढली आणि पेटीवर चारी बाजूंनी नीट पसरली. छान दिसली. इतकी छान, की पाच दिवस आम्ही तिचा टेबल म्हणून उपयोग केला. आरतीचं तबक तिच्यावर, कापराची डबी तिच्यावर, खिरापतीची ताटली तिच्यावर आणि झांजाही तिच्यावरच. दोन्ही वेळच्या आरतीला पोरंटोरं त्या झांजा उचलायची आणि आरती संपली की काचेच्या झाकणावर दाणकन आदळायची.

भिंतीत प्लगच्या दोनच जागा होत्या. एकीत पेटीतला दिवा, दुसरीत तिच्या पोटाखाली असणारी गरम चटई. पालीचं रक्त आपल्यासारखं आपोआप गरम राहत नाही. बाहेरून ऊब मिळाली तर तिचं शरीर चालतं, अन्न पचतं, नाहीतर नाही. नवऱ्याने दिव्यांच्या माळेसाठी आणि मखरातल्या बल्बसाठी दोन्ही प्लग काढले. मी तिथेच उभी होते. "गॅरेजमधून एक्स्टेन्शन आणतो," असं तो म्हणालाही, पण तेवढ्यात बेल वाजली. ऑकलंडहून, पार फ्लॅट बुशहून, दोन कुटुंबं गाडी हाकत दर्शनाला आली होती. त्यांच्या पाठोपाठ बाकीची मंडळी आली. एक्स्टेन्शन गॅरेजमध्येच राहिलं.

मग कापूर पेटवला की स्मोक अलार्म कोकलायचा, म्हणून आम्ही आरतीच्या वेळी हीट पंप बंद करून मागचं काचेचं सरकतं दार सताड उघडायचो. धूर बाहेर आणि धुकं आत. माणसं दाटीवाटीने उभी असायची, त्यांना काय गारठा लागणार? आम्ही अगदी जोरात आरत्या म्हणायचो. तो गणपती आतापर्यंतचा सगळ्यात चांगला झाला, असं आम्ही एकमेकांना सांगतही होतो.

अळ्यांचा डबा त्या पाच दिवसांसाठी मी गॅरेजच्या फळीवर हलवला होता. नैवेद्याच्या शेजारी तसलं काही नको. पालीचं खाणंपिणं हे लेकीचं काम, त्यात मी कधी लक्ष घालत नसे.

पाचव्या दिवशी मागच्या अंगणात बादलीत विसर्जन झालं. पाणी लिंबाच्या झाडाला घालायचं ठरवून आम्ही आत आलो आणि मी साडी उचलली. पाल पेटीच्या कोपऱ्यात पडलेली होती. पिवळा रंग मळकट झालेला, डोळे मिटलेले, तोंडाजवळ तिने ओकलेल्या अळ्या, तशाच्या तशा. लेकीने झाकण सरकवून तिला बोट लावलं आणि हात झटकन मागे घेतला.

"शीज फ्रीझिंग," ती म्हणाली.

नवऱ्याने खाली वाकून वायरी ओढल्या. दोन्ही प्लग मखराच्या मागे जमिनीवर पडलेले होते. ते हातात घेऊन तो आमच्याकडे वळला. "मी काढले होते," तो म्हणाला. "परत लावायचे राहिले."

लेकीने त्याच्याकडे बघितलं आणि इंग्रजीत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "यू किल्ड हर." ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "अजून मेली नाहीये. आधी बघू तरी द्या."  पण पाल मरेल याची भीती मलाही होतीच, आणि ती मेली तर या दोघांचं गॅरेज कायमचं बंद होईल याची त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तिला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरकडे निघालो. आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यात मऊ फडकं, डब्याखाली गरम पाण्याची पिशवी. नवरा येतो म्हणाला होता. लेक म्हणाली, "नो."

डॉक्टरीणबाई उंचपुऱ्या, पन्नाशीच्या. पायात गमबूट, कारण सकाळीच कुणाच्या तरी गायी बघून आल्या होत्या. "किया ओरा," असा इथला माओरी नमस्कार करत त्यांनी डबा उघडला आणि पालीला तळहातावर घेतलं. पोट चाचपलं, तोंडात बघितलं. मग माझ्याकडे न बघता लेकीला विचारलं, शेवटचं काय खाल्लं आणि किती.

लेक डब्यातलं फडकं चाचपत राहिली.

त्यांनी परत विचारलं, रागाने नाही.

"हीप्स," लेक म्हणाली. म्हणजे ढीगभर.

गणपती बसले त्या दिवशी, सगळे पानावर बसलेले असताना, ही गॅरेजमध्ये गेली होती. येईल त्याच्या हातावर मी मोदक ठेवत होते, नको म्हणणाऱ्यालाही "एक तरी घ्या" म्हणून आग्रह करत होते. मग हिला वाटलं, झाकलेल्या पेटीतल्या तिलाच का नको? साडीचं टोक उचलून हिने तिला अळ्या घातल्या. एक, मग अजून एक, मग अजून. आग्रह करून. घरातले मोठे करत होते तसाच. किती झाल्या ते तिलाही माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते सरळ होतं. ऊब गेली की आतडं थांबतं आणि पोटातलं अन्न पोटात कुजायला लागतं. थोडं तिने ओकून टाकलं, बाकीचं आत अडकलं आहे. त्यात पाच दिवस डोक्यावर दणदणाट, म्हणजे घाबरून जीव अर्धा झालेला. ऊब परत द्या, पण हळूहळू. रोज कोमट पाण्यात थोडा वेळ बसवा. शी होईपर्यंत खायला काही देऊ नका, ओठाला पाण्याचे थेंब तेवढे लावा. अंधार ठेवा, शांतता ठेवा. "आणि तिला एकटं सोडा," त्या म्हणाल्या. "सारखं सारखं बघायलासुद्धा जाऊ नका. बघणंही तिला त्रासाचंच आहे."

गाडीत बसल्यावर मी लेकीवर कडाडले. खोटं कशाला सांगू? "कुणी सांगितलं होतं तुला शहाणपणा करायला?" असं म्हटलं. मग आरशात तिचं तोंड बघितलं आणि गाडी बाजूला घेतली. म्हटलं, डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंस ना? गारठा मुख्य. ऊब असती तर तेवढं तिने पचवलं असतं.

"बट इफ शी डाइज, इट्स मी टू," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "डोन्ट टेल बाबा."

मी बरं म्हटलं. दहा वर्षांच्या मुलीला अशा वेळी दुसरं काय म्हणणार?

घरी आलो तर प्रश्न असा, की अंधार आणि शांतता या दोन गोष्टी आमच्या घरात आहेत कुठे? मग मला इडलीचं कपाट आठवलं. इथल्या घरांमध्ये गरम पाण्याची टाकी एका कपाटात असते. लोक वरच्या फळ्यांवर टॉवेल, चादरी ठेवतात, म्हणजे त्या कोरड्याठाक राहतात. आमच्या ओळखीतल्या एकाही मराठी घरात त्या कपाटाचा एवढा साधा उपयोग होत नाही. तिथे इडलीचं पीठ आंबतं, दही लागतं, थंडीत मोड काढायला मटकी बसते. हॅमिल्टनच्या हिवाळ्यात पीठ फुगवणारी ती एकच जागा. मला त्या कपाटाची ऊब फळीफळीने पाठ होती. मधल्या फळीवर पीठ रात्रीत वर येतं, खालच्या फळीवर दुपार होते. मी म्हटलं, "हिला मधल्या फळीवर ठेवा."

नवऱ्याने लगेच कपाट रिकामं केलं. मोठी पेटी मावत नव्हती म्हणून एक लहान पेटी आणली, चटई घातली, उष्णता नेमकी ठेवणारं यंत्र लावलं आणि गॅरेजमधून एक्स्टेन्शन आणलं. जे पाच दिवस आधी यायचं होतं ते. प्लग भिंतीत बसवून त्याने त्यावर चिकटपट्टी मारली, आडवी आणि उभी. टॉवेल जेवणाच्या खुर्च्यांवर आले, इडली बंद झाली.

आता एकटं सोडा म्हणणं सोपं आहे. आपल्याकडे कुणी आजारी पडलं की एकटं सोडतात का? उलट चार माणसं येऊन बसतात, बघून जातात, शहाळं आणतात. बातमी पसरली तशी आमच्याकडेही रीघ लागली. जवळच राहणारी एक मैत्रीण दोन मुलांना घेऊन आली, म्हणाली, "बघायला आलो गं. कशी आहे?" हातात डबा. पालीला काय चालतं माहीत नव्हतं म्हणून आमच्यासाठीच थालीपीठं आणली होती. मी कपाटाच्या दाराला पाठ लावून उभी राहिले आणि म्हटलं, "बरी आहे, झोपली आहे." मुलांनी माझ्या कमरेच्या बाजूने वाकून फटीतून बघायचा प्रयत्न केला. मी त्यांच्यावर डोळे वटारले. पुण्याहून आईचा फोन यायचा. तिला आयुष्यभर पालीची किळस, पण फोनवर पहिला प्रश्न, "शी झाली का तिला?" नाही म्हटलं की ती म्हणायची, "एरंडेल दे चमचाभर." डॉक्टरीणबाईंना विचारलं का, असंही वर विचारायची. मी विचारलं नाही. आपलं तोंड आपल्याला परत त्यांना दाखवायचं असतं.

आणि दुसऱ्यांना काय नावं ठेवू? मीच कामावरून आले की टॉवेल घ्यायच्या निमित्ताने कपाट उघडायची. कपाटात टॉवेल नाहीत हे मला चांगलं माहीत होतं.

पाण्यात बसवायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुपारी घरी मीच. पहिल्या दिवशी तिला उचलायला मला फार जड गेलं. बुळबुळीत असेल असं वाटलं होतं. ती कोरडी होती आणि मऊ, धुऊन धुऊन जुन्या झालेल्या सुती दुपट्यासारखी. बशीत कोमट पाणी घेतलं आणि लेक तान्ही असताना करायची तसं मनगटाच्या आतल्या बाजूने तपासलं. ती चार पाय पसरून पाण्यात बसली, डोळे मिटून. मी एका बोटाने तिचं पोट हळूहळू वरून खाली चोळायची. नंतर ओठाला पाण्याचा थेंब लावायचा. गुटी देताना लेक तोंड मिटून घ्यायची, तेव्हा मी तिच्या ओठाच्या कोपऱ्यात थेंब सोडून वाट बघायची. इथेही तेच. पहिल्यांदा थेंब गळून गेला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी कधीतरी गुलाबी जीभ बाहेर आली, थेंब चाटला आणि लगे हाथ स्वतःचा डोळाही चाटून घेतला. मला हसू आलं. बाथरूममध्ये एकटीच हसत बसले.

पण शी काही होईना. शेपूट बारीक होत चाललं. या पालींची सगळी शिदोरी शेपटात असते. चांगलं खाल्लं-प्यायलं की शेपूट गुबगुबीत, उपास पडला की ती त्यातलंच खाते. तिच्या शेपटाला सुरकुत्या पडायला लागल्या. लेक शाळेतून आली की दप्तर न काढता विचारायची, "एनीथिंग?" मी मान हलवायची. ती खोलीत निघून जायची. बाबांशी ती बोलतच नव्हती. मीठ दे, रिमोट दे, एवढंही माझ्यामार्फत.

नवरा त्यावर काही म्हणायचा नाही. उलट जाऊ तिथे ही गोष्ट तोच सांगायला लागला, स्वतःचीच फजिती म्हणून. एका वाढदिवसाला आम्ही ऑकलंडमध्ये बॉटनी डाउन्सला गेलो होतो, तिथे त्याने रंगवून सांगितलं. इंजिनिअर माणूस, भिंतीत दोन प्लग, दोन्ही काढले आणि पाल कोमात. लोक पोट धरून हसले. लेक ताटली घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. त्याला वाटलं ती अजून रागावली आहे. मला खरं कारण माहीत होतं, आणि सांगायची सोय नव्हती.

मग एका दुपारी, बाहेर पाऊस, मी बशीपाशी बसलेले, तिने पाय ताणले, शेपूट वर उचललं आणि झालं. आधी काळपट, मग पांढरं. मी इतक्या जोरात "झाली!" ओरडले की तीच दचकली. तिला पुसून कपाटात ठेवलं आणि नवऱ्याला ऑफिसात फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. "झाली?" असं तो मराठीत ओरडला. मग तिथल्या लोकांना इंग्रजीत काय सांगितलं देव जाणे, कारण मागे टाळ्या ऐकू आल्या.

शाळा सुटायच्या वेळी मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. लेकीला सांगितलं. मला वाटलं उड्या मारेल. ती फुटपाथच्या कडेला खाली बसली, ओल्या जमिनीवर, आणि गुडघ्यात तोंड घालून रडली. मी छत्री तिच्यावर धरून उभी राहिले. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "सो आय डिडन्ट?"

"नाही गं," मी म्हटलं. "कुणीच नाही मारलं."

आठवडाभराने पहिली अळी. लेकीने चिमट्यात धरून पुढे केली. पाल एकटक बघत राहिली, शेपटीचं टोक हललं, आणि झडप. लेकीने डबा बंद केला.

"एकच?" मी विचारलं.

"वन," ती म्हणाली. माझ्यासारखी आग्रह करणारी बाई, पण मी गप्प बसले.

वसंतात पेटी लेकीच्या खोलीत गेली आणि कपाटात इडलीचं पीठ परत आलं. पहिल्या इडलीचा नवऱ्याने वास घेतला आणि माझ्याकडे संशयाने बघितलं. मी म्हटलं, खायची तर खा. बापलेकीचं बोलणंही हळूहळू सुरू झालं, म्हणजे "हं" आणि "नो" इतपत. मी लेकीला एकदोनदा म्हटलं, "आता सांगून टाक बाबांना. काय खाणार आहेत का तुला?" ती "लेटर" म्हणायची. एकदा मी चिडून म्हटलं की तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच शरमले. शब्द दिला होता मी.

पण मला ते डाचत होतं, आणि त्याचं कारण होतं. नवरा रोज सकाळी ऑफिसला निघताना आधी लेकीच्या खोलीत जायचा. ती झोपलेली असायची. तो पेटीपाशी वाकायचा, प्लगवर अंगठा दाबायचा, चिकटपट्टीवरून बोट फिरवायचा आणि निघायचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. एकदा आम्ही विमानतळाच्या वाटेवर होतो आणि त्याने गाडी वळवून घरी आणली. लोकांना हसवणारा तो माणूस आणि हा माणूस एकच होता, हे फक्त मला दिसत होतं. त्याच्या जिवाला लागलं होतं, आणि सगळंच्या सगळं आपलंच म्हणून.

पुढच्या वर्षी गणपती आले. मखर त्याने एकट्याने केलं. लेकीला विचारलं होतं, ती बिझी आहे म्हणाली. साधे कागदी पडदे, मधे समई, दिव्यांची माळ नाही. मी झांजा कपाटात मागे सारून ठेवल्या होत्या, टाळ्यांवर भागवू म्हणून. संध्याकाळी माणसं जमली. फ्लॅट बुशचे काका आरतीला उभे राहता राहता म्हणाले, "काय रे, यंदा लायटिंग नाही?"

"नको बाबा," नवरा हसत म्हणाला आणि त्याची गोष्ट सुरू झाली. दोन प्लग, इंजिनिअर, एक्स्टेन्शन. जे नव्याने ऐकत होते ते हसायला लागले. मी लेकीकडे बघितलं. आता ती उठून जाणार.

ती गेली नाही. तिथेच, सगळ्यांच्या मधे उभी राहून ती म्हणाली, "बाबा, फक्त प्लग नव्हता."

मराठीत म्हणाली. म्हणून असेल, पण तो थांबला.

"मी तिला खूप अळ्या घातल्या. पहिल्या दिवशी. तुम्ही सगळे मोदक खात होते म्हणून." तिचा चेहरा लाल झाला होता. "त्या तिच्या पोटात अडकल्या. आईला माहीत आहे. मीच तिला सांगू नको म्हटलं."

लोकांना ते आणखीच गमतीचं वाटलं. "आग्रह आईवर गेलाय!" असं कुणीतरी म्हणालं आणि खोली हसली. नवरा हसला नाही. त्याच्या हातात पेटवलेली काडी होती, ती बोटापर्यंत जळत आली तेव्हा त्याने विझवली.

"अगं, मग सांगायचंस ना मला," तो म्हणाला.

"तू रोज सकाळी येतोस," ती म्हणाली. "प्लग बघायला. मी जागी असते."

 काकांनी घसा साफ करून आरती सुरू केली. लेक आत गेली, कपाटात मागे सारलेल्या झांजा शोधून घेऊन आली आणि त्याच्या हातात दिल्या. "ती माझ्या रूममध्ये आहे, दार बंद आहे," ती म्हणाली. पहिलं कडवं त्याने नुसत्या धरल्या. दुसऱ्यापासून वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा करत होते. तो ऑफिसला निघाला, आणि सवयीने तिच्या खोलीकडे वळला. दार उघडायच्या आतच आतून झोपाळलेला आवाज आला.

"बाबा, मी बघितलाय. लागलेला आहे. तू जा."

दाराच्या मुठीवरचा हात त्याने काढून घेतला आणि तो बूट घालायला आला. त्या दिवशी नाडी बांधायला त्याला बराच वेळ लागला.